वाघरीच्या आत

परवा तुयेहून पेडण्याला निघालेली आमची बस मध्येच थांबली आणि ड्रायव्हरने चक्क इंजिन बंद केलं. एवढा धीर आमच्याकडच्या बसवाल्यांना सहसा नसतो, म्हणून मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत मेंढरांनी भरला होता. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवून दमले होते आणि मेंढरं आपल्याच चालीने चालली होती. बसमध्ये औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून घरी निघालेली पोरं होती. त्यातला एक कोल्हापूरकडचा मुलगा एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडची हायत ही!" शेजारच्याने विचारलं, "मग तुझी मावशी खंयची त्यातली?" सगळी बस हसली. तो पोरगाही हसला, पण खाली काही बसला नाही.

मग वास आला. लोकरीचा, लेंड्यांचा आणि त्यात मिसळलेल्या चुलीच्या धुराचा. पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी मात्र चांगला छाती भरून घेतला. कुणाला कसला वास गोड वाटावा याला काही नियम नाही. आमच्या सूनबाईंना सुरंगीच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा वाटतो, मला मेंढरांचा वाटतो, आणि त्यावरून घरात माझी पुरेशी थट्टा झालेली आहे.

खरं सांगायचं तर मी मेंढरं बघतच नव्हते. कळप सरत आला तशी मी त्याच्या शेवटाकडे बघत होते. कुत्रा असलाच तर तो तिथे असतो. होता. तांबूस, बरगड्या दिसणारा, कुणाकडेही न बघणारा. एक कोकरू गटाराकडे वळलं तसा तो नुसता त्या बाजूला गेला. भुंकला नाही की धावला नाही. कोकरू परत रस्त्यावर आलं. बसमधल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, आणि माझे मात्र डोळे भरून आले.

माझं माहेर लाटंबार्से. डिचोली तालुक्याच्या अगदी टोकाला, जिथून दोडामार्ग हाकेच्या अंतरावर. भात कापून, झोडून, घरात येऊन पडलं की शेतं मोकळी व्हायची. ज्या शेतात दुसरं पीक घ्यायचं नसे तिथे नुसते खुंट उरायचे, आणि सकाळी दव पडून ते भिजलेले असायचे. त्याच दिवसांत कोल्हापूर-बेळगावकडचे धनगर घाट उतरून खाली यायचे. त्यांची मेंढरं आपल्या शेतात मुक्कामाला बसवून घेणं म्हणजे पुढच्या भाताची निम्मी काळजी मिटणं. धनगर संध्याकाळी खुंट्या ठोकून त्याला सुतळीचं जाळं बांधत. त्या जाळ्याच्या कुंपणाला ते वाघर म्हणत. मेंढरं रात्रभर वाघरीत, आणि सकाळी जमीन काळी. दुसऱ्या दिवशी वाघर थोडी पुढे सरकवायची. असं करत सगळं शेत खताने भरून निघायचं. त्याबदल्यात धनगरांना आमच्याकडचं भात आणि नारळ मिळत.

मी सांगते आहे तो हिवाळा गोवा राज्य झालं त्या वर्षीचा. गावच्या दुकानावरची पाटी नव्याने रंगवून झाली होती. दुकानासमोरच्या बाकावर अजून मराठी की कोंकणी हा वाद चालू होता, आणि तो वाद माणसं दोन्ही भाषा एकात एक कालवून घालत होती. बाबा संध्याकाळी तिथे जात आणि तावातावाने बोलून, घसा बसवून घरी येत. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. म्हणजे त्या हिवाळ्यात आमच्या घरातून दोघांना बाहेर काढायचं ठरलं होतं, एक मी आणि दुसरा उंडो. फरक एवढाच की माझ्यासाठी निदान पत्रिका बघत होते.

उंडो आमचा कुत्रा. पिल्लू असताना तो पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीमागून धावत आमच्या अंगणात आला, आणि पोदेराने टोपलीतला एक कडक उंडो त्याच्यापुढे टाकला. तो पाव त्याने असा काही चावला की नाव दुसरं ठेवणं शक्यच नव्हतं. पुढे रोज सकाळी पोदेराच्या हॉर्नचा "पोंय पोंय" ऐकू आला की उंडो असेल तिथून सुटायचा.

बाबांनी त्याला एकच विद्या शिकवली होती. आमच्या शेतात पाय टाकेल त्याला बांधापलीकडे घालवायचं. गाय, पाडा, बकरी, अंगणात वाळत घातलेल्या भातावर आलेली कोंबडी, काहीही. घालवून आला की त्याला पावाचा तुकडा मिळे. आता, घालवायचं म्हणजे कुठपर्यंत, हे बाबांनी सांगितलं नाही आणि उंडोने विचारलं नाही. शेजारच्या सगुणकाकांच्या कोंबड्या तो बांधापर्यंत न सोडता थेट काजीच्या डोंगरावर पोहोचवून येई. तिथे त्या झुडपात अंडी घालत आणि मुंगसांची चैन होई.

"माझ्यो कोंब्यो परत काजीत नेवन सोडल्यान!" सगुणकाका बांधावर उभे राहून ओरडत. "अरे, सुणो पोसलास काय पोलीस?"

शेवटी एक दिवस त्यांनी आमच्या घरी येणंच बंद केलं. बाबांच्या जिव्हारी लागलं. दोघं एका वर्गात शिकलेले. त्या रात्री जेवताना बाबांनी सांगून टाकलं, "ह्या सुण्यापायी माका गावात तोंड दाखवूक जागा उरली नाय. मामा जत्रेक येतलो, तेव्हा त्याच्याबरोबर बार्जीर घालून मुरगावाक धाडतलंय."

मामा खनिज नेणाऱ्या बार्जवर कामाला होता. नदीतून मुरगाव बंदरापर्यंत जायचं, माल उतरवायचा आणि परत यायचं. बंदरावर सोडलेला कुत्रा काय खाणार, कुणाचे दगड चुकवणार, हे मला जेवता जेवता सगळं दिसलं. मी ताटावरून उठले. आईने फक्त एवढंच म्हटलं, "जेव गो, आज खंय जाता तो." आजचा दिवस होता, जत्रेपर्यंतचे होते, त्यानंतरचा नव्हता.

धनगर आले ते त्याच आठवड्यात. सत्यव्वा आणि तिचा नवरा मायाप्पा. ही माणसं दरवर्षी आमच्याकडेच येत. मायाप्पा कमी बोलायचा, सत्यव्वा दोघांचं मिळून बोलायची. त्या वर्षी ती आली आणि अंगणात घोंगडं टाकून मटकन बसली. घाट उतरताना बिबट्याने त्यांचा कुत्रा उचलला होता. तो त्यांचा एकुलता एक जाणता कुत्रा, आणि हाताशी दुसरं पिल्लूही नव्हतं.

"आता ह्या रानात मेंढरं कशी सांबाळू दादा?" ती बाबांना म्हणाली. "आन् शिमग्याला परत घाट चढायचा हाय. कुत्र्याबिगर घाट म्हंजे वाट बघून बिबट्याला ताट वाढायचं." मग एकदम तिला दुसरंच आठवलं. "तुमचं ते राज्य झालं म्हनं. चौकीवर मेंढरं आडवनार न्हाईत न्हवं?"

बाबांनी तिला राज्य म्हणजे काय ते सविस्तर समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष शेताकडे होतं. सगुणकाकांचा पाडा आमच्या खुंटात शिरला होता आणि उंडो त्याला बांधावरून पलीकडे घालवत होता. पाड्याने शिंगं रोखली, उंडो वाकून बाजूला झाला आणि पुन्हा मागे उभा राहिला. पाडा गेला.

"हे कुत्रं कुनाचं?" सत्यव्वाने बोलणं मध्येच तोडून विचारलं.

मी बाबांच्या आधी उत्तर दिलं. म्हणाले, आमचं आहे, आणि तुला हवं तर घेऊन जा. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मला तरी कुठे माहीत होतं मी काय बोलते आहे. बार्ज टळावी एवढंच डोक्यात होतं. बाबा म्हणाले, जत्रेपर्यंत बघा शिकतो का. नाही शिकला तर मामा आहेच.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. मायाप्पाने तीन बाजूंनी वाघर बांधली होती, चौथी बाजू मेंढरं आत यायला मोकळी ठेवली होती. मेंढरं खुंटात चरत होती. सत्यव्वा म्हणाली, "सोड त्येला." मी सोडला. उंडोने एकवार आमच्या शेताकडे पाहिलं. आयुष्यात एवढी जनावरं त्याने आमच्या शेतात कधी पाहिली नव्हती. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, आपल्या गैरहजेरीत काय हा अनर्थ! तो जो सुटला, तो सगळा कळप गोळा करून, एकही मेंढरू मागे न ठेवता, बांधावरून पलीकडे सगुणकाकांच्या शेतात घालवूनच थांबला. मग परत येऊन माझ्यासमोर बसला आणि पावाच्या तुकड्याची वाट बघू लागला.

मेंढरं बिथरली होती. बांध ओलांडून परत यायला काही केल्या तयार होईनात. अंधारून आलं. मायाप्पाने खुंट्या उपटल्या, पलीकडे नेल्या आणि मेंढरं होती तिथेच त्यांच्याभोवती वाघर बांधली.

सकाळी सगुणकाका भांडायच्या तयारीने बांधावर आले. मेंढरं तोवर चरायला गेली होती. काकांचं शेत मधोमध काळंभोर झालं होतं. ते बघत उभे राहिले. वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरडली. मग आमच्या अंगणाकडे न बघता म्हणाले, "सुणो तसो वायट नाय."

"भात माझा आणि खत सगुणाक!" बाबा घरात येऊन आदळआपट करू लागले. पण त्यांना हसू आवरत नव्हतं. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी सगुणकाका आमच्याकडे चहाला आले.

सत्यव्वा मात्र नंतर गंभीर झाली. "त्येला हाकलाय येतंय. आनाय येत न्हाई," ती मला म्हणाली. "शिकलेलंच हाय, पन उलटं शिकलंय. आन् खरं सांगू पोरी, मोटं कुत्रं मी कदी शिकवलंच न्हाई. आमी पिल्लूच घेतो. डोळं उघडायच्या आदी मेंढीच्या कुशीत ठेवायचं, तिचंच दूद पाजायचं. त्येला वाटतं आपुन बी मेंढरूच. ह्यो बाप्या झालाय. ह्येला आता कुनाचं दूद पाजू?"

मग तिने जे सुचलं ते केलं. कळपात एक म्हातारी मेंढी होती, तिला सगळे थोरली म्हणत. सत्यव्वाने उंडोला थोरलीच्या गळ्याशी बांधून टाकलं. थोरली चरायला निघाली की उंडो मागून फरफटत जाई. तो गुरगुरला, तिने डोक्याने अशी ढुशी दिली की तो कळवळत माझ्या पायांमागे लपायला आला, आणि दोरीला बांधलेली थोरलीही त्याच्यामागोमाग माझ्या पायाशी आली. मला दोघांची कीव आली आणि हसूही आलं. सत्यव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लगीन झाल्यावर आसंच आसतंय पैलं पैलं." काही दिवसांनी दुपारी बघितलं तर दोघं फणसाच्या सावलीत एकमेकांना टेकून झोपली होती.

पण टेकून झोपणं वेगळं आणि कळप आत आणणं वेगळं. दोरी सोडली की उंडो पुन्हा बांधाकडेच तोंड करायचा. दुपारभर विचार करून सत्यव्वाने शेवटी मला कामाला लावलं. "तुजा त्येच्यावर जीव हाय, त्येचा तुज्यावर. तू हितं वाघरीत बस."

आणि मी बसले. रोज संध्याकाळी, वाघरीच्या आत, खाली घोंगडं घालून. आईने कपाळावर हात मारला. लग्नाची मुलगी लेंड्यांत बसलेली कुणी बघितली तर? पण मला तिथे फार बरं वाटायचं. उंडोला मी दिसायची, तो माझ्याकडे यायला निघायचा, आणि मधे मेंढरं असायची. तो त्यांच्या मागून आला की मेंढरं पुढे सरकायची, माझ्या दिशेने. सरकत सरकत आत यायची. असं कितीदा झालं कोण जाणे. मग एका संध्याकाळी मला स्पष्ट दिसलं की तो माझ्याकडे येत नव्हता. तो मुद्दाम लांबून वळसा घालून मेंढरांच्या मागे गेला आणि त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मी आत होते, म्हणून आत आणणं त्याला पटलं होतं.

तोवर दिवस मावळायला आलेला असायचा. मेंढरं माझ्याभोवती गोळा होऊन रवंथ करत. त्यांच्या श्वासाची ऊब पायाला लागायची. घरात पाहुणे, पत्रिका, साडी कुठली नेसवायची, हीच बोलणी. इथे कुणाला त्याचं काही नव्हतं. एकदा मी सत्यव्वाला विचारलं, तू मायाप्पाच्या घरी आलीस तेव्हा तुला कसं वाटलं होतं?

"रडले की," ती म्हणाली. "वाड्यावरच्या बाया एकेका मेंढराला वळखायच्या. मला समदी येकसारकीच दिसायची. वाटायचं, आपल्याच्यानं काय ह्ये जमायचं न्हाई."

"मग?"

"मग काय. म्या वळखायच्या आदी तीच मला वळकाय लागली. आपुन उगंच घाई करतो पोरी."

हे तिने खुंटी ठोकता ठोकता सांगितलं. मी ते उचलून ठेवलं, आणि पुढे मला ते खूप पुरलं.

मग तो दिवस आला. "उद्यापास्नं तू येऊ नगं," सत्यव्वा म्हणाली. "तू काय घाटावर येनार हायस व्हय?" मला तिचा राग आला. खरंच आला. गरज होती तेव्हा लेंड्यांत बसवलं, आणि आता येऊ नको! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आडाळ्यावर नारळ किसायला बसले. कान सगळे शेताकडे. आई म्हणाली, "खोबरा किसतस काय बोटां गो?" तेवढ्यात उंडो पडवीत हजर. जीभ बाहेर, मला शोधत आलेला. मागे शेतात मेंढरं पांगलेली आणि सत्यव्वाच्या हाका. मी त्याला जवळ घेतलं नाही. तोंड फिरवून किसत राहिले. तो बराच वेळ उभा होता.

असं दोन-चार संध्याकाळी चाललं. एकदा तो अर्ध्या वाटेवरूनच परतला. आणि एकदा, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, तो बांधापर्यंत आला, घराकडे पाहिलं, मागे कळपाकडे पाहिलं, आणि परत गेला. मेंढरं वाघरीत गेली. मी तिथेच उभी राहून रडले. आनंदही तेवढाच झाला होता, पण रडले आधी.

मामा जत्रेच्या आदल्या दिवशी आला, येताना बार्जवरची जाड दोरी घेऊन. सकाळी तो, बाबा आणि मी शेताकडे गेलो. बाबा म्हणत होते, शिकलाय बऱ्यापैकी. मामा म्हणत होता, सुण्याचं शिकणं म्हणजे पाव दिसेपर्यंत. आणि म्हणता म्हणता खालच्या वळणावर हॉर्न वाजला. पोंय पोंय. पोदेर!

हे एवढं एकच राहिलं होतं. या हॉर्नपुढे उंडो कुणाचा नव्हता, माझाही नव्हता. सत्यव्वा नुकतीच वाघर सोडत होती, मेंढरं बाहेर पडत होती. उंडोचे कान उभे राहिले. तो उठला आणि रस्त्याकडे धावला. मामाने दोरी खांद्यावरून काढली. पण त्याच्या धावण्याने काठची मेंढरंही रस्त्याच्या दिशेने वाहू लागली होती. बांधाशी पोहोचून उंडोने मागे पाहिलं. पुन्हा हॉर्न वाजला. त्याने रस्त्याकडे पाहिलं. सत्यव्वाने शीळसुद्धा घातली नाही. मग तो वळला, त्या मेंढरांच्या बाहेरून फिरला आणि त्यांना कळपात परत घेऊन गेला.

पोदेर सायकल थांबवून उभा होता. "आज कितें जालां रे तुका?" त्याने विचारलं, आणि एक उंडो बांधावरून आत फेकला. तो थोरलीने खाल्ला.

मामा दोरी गुंडाळू लागला. "हेका मुरगावाक नेवन करू काय?" तो म्हणाला. "थंय मेंढरां खंय आसत?" बाबांनी त्याच्या हातातली दोरी घेतली आणि सत्यव्वापुढे धरली. म्हणाले, "हे घे. तुझो सुणो." ती हसली. "दोरी नगं आता दादा."

शिमग्याच्या तोंडाशी ते निघाले. काजीला मोहर येऊन फळं धरायला लागली होती, संध्याकाळी शिमगा खेळायच्या मांडावर ढोल घुमत होते. मी त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. उंडोने माझ्या ओंजळीत नाक खुपसलं, सत्यव्वाची शीळ वाजली आणि तो गेला. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला इतका राग आला! एवढं सगळं केलं, एकदा मागे बघायला काय झालं होतं? सत्यव्वाला ते कळलं असावं. लांबून ओरडून म्हणाली, "मागं बगनारं कुत्रं घाटात कामाचं न्हाई पोरी!" मीही मग मागे न बघता घरी आले, आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

वैशाखात माझं लग्न झालं. सासर तुये. माणसं चांगली, पण घर परकं. पाण्याची कळशी कुठली, देवाची कुठली, मीठ कुठल्या बरणीत, सगळंच मला एकसारखं दिसायचं. मी चुकायची आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसायची. मग सत्यव्वाचं बोलणं आठवायचं, की उगंच घाई करू नये. एका सकाळी सासूबाईंनी पाव वाटताना उंड्याची खरपूस करकरीत बाजू मोडून माझ्या बशीत ठेवली. मला ती आवडते हे मी कधी बोलले नव्हते. त्यांनी बघून ठेवलं होतं. मी तो तुकडा चहात न बुडवता, मिटक्या मारत खाल्ला.

बस अजून उभीच होती. मेंढरांमागून एक बाई चालली होती, डोक्यावर बोचकं, हातात काठी. वयाने माझ्या मुलीएवढी. मी खिडकीतून हाक मारली, "बाये, आमच्या शेतात बसवशील गो मेंढरं?" बसमधल्या पोरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. ती थांबली. "कुठं हाय श्यात?" मी हात करून दाखवलं, तुयेची चढण, आंब्याचं झाड, त्याच्या खालचं. आमच्याकडे आता पोत्यातलं खत टाकतात. मेंढरं बसवणं म्हणजे काय हे माझ्या मुलाला पाहूनही माहीत नाही. "परवाच्याला येतो," ती म्हणाली आणि कळपामागे गेली. कुत्र्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बरोबरच आहे, मी बसमध्ये होते.

लग्नानंतर मी पहिल्यांदा निवांत माहेरपणाला गेले ती तुळशीचं लग्न झाल्यावर. बाबा स्टँडवर घ्यायला आले होते. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी राजकारण सांगितलं, काजीचं सांगितलं, आणि दारात आल्यावर सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "सत्यव्वा कालच आयली." मी पिशवी पडवीत टाकली आणि तशीच मागच्या दाराने शेतावर निघाले. नवी साडी, नव्या चपला. आई मागून ओरडत होती.

बांधावर जाऊन उभी राहिले. ऊन उतरलं होतं. मायाप्पा वाघर बांधत होता, मेंढरं खुंटात पसरली होती. कळपाच्या पलीकडे तो होता. वाळला होता आणि एक कान फाटलेला. घाटाने त्याला काय काय दाखवलं असेल! मी हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. शीळ सोडून दुसऱ्या कुणाच्या हाकेला आता त्याने यावं, हे मला बरं वाटेना. आणि दुसरं म्हणजे, हाक मारली आणि तो आला नाही तर?

त्याने मला पाहिलं. थांबला. मग मेंढरांच्या कडेकडेने चालत आला. उडी मारली नाही, अंग चाटलं नाही, शेपूटही धड हलवलं नाही. साडीचा काठ हुंगला, चपला हुंगल्या. मला भरून आलं आणि रागही आला. ओळख ठेवली नाही मेल्याने, असं मनात म्हणते आहे तोच तो माझ्या मागे गेला, आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीत डोक्याने मला ढकललं.

मी एक पाऊल पुढे गेले. त्याने परत ढकललं. मी बांधावरून उतरले. गंमत म्हणून डावीकडे वळले, तो डावीकडे आला. उजवीकडे वळले, तिथे आधीच उभा. भुंकणं नाही, घाई नाही. खुंट साडी ओरबाडत होते, एक चप्पल चिखलात राहिली. पुढे मेंढरं चालली होती, मधे मी, मागे तो. वाघरीच्या तोंडाशी मी थबकले, तशी त्याने शेवटची एक ढुशी दिली आणि मी आत गेले. मेंढरांनी मला जागा करून दिली. थोरली तिथेच होती, तिने वर मान करून पाहिलं आणि पुन्हा रवंथ करू लागली. उंडो फिरून गेला आणि वाघरीच्या तोंडाशी बाहेर, आमच्याकडे पाठ करून, रानाकडे तोंड करून बसला.

सत्यव्वा रोजच्यासारखी एकेकाचं तोंड बघत कळपावरून नजर फिरवत होती. बघता बघता माझ्यापाशी आली. मी एका पायात चप्पल घालून, दोन्ही गालांवर पाणी घेऊन, मेंढरांच्या मधोमध उभी होते.

"समदी आली," ती मायाप्पाला म्हणाली. "येक जास्तीचंच आलंय."

आणि तिने वाघरीचं तोंड बांधून घेतलं.